जागच्या जागी

सून सात महिन्यांनी घरी येणार होती त्या दिवशी सासूबाईंनी जेवण उरकताच खिडकीकडे पाठ करून खुर्चीत ठाण मांडलं. वाट बघायची हौस होतीच, पण त्या बसण्यात बेतही होता. खिडकीचा उजेड येणारीच्या तोंडावर पडावा आणि आपलं तोंड सावलीत राहावं, एवढा विचार करून त्यांनी ती जागा धरली होती. सासूबाईंची नजर चालली होती आणि ही गोष्ट त्यांना सुनेपासून लपवायची होती. फार नाही, थंडी सरेपर्यंत.

उन्हाळ्यात कधीतरी नजरेच्या मधोमध एक करडा डाग धरला होता. समोरच्याचं नाक, डोळे, तोंड सगळं त्या डागात जायचं आणि कान तेवढे शिल्लक राहायचे. कुणाचा चेहरा बघायचाच असला तर त्याच्या खांद्यापलीकडे बघावं लागे, मग कडेकडेने थोडा हाती लागायचा. सासूबाई कुणाला न सांगता एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या. उजव्या डोळ्याचं आता काही व्हायचं नाही, डावाही हळूहळू जाईल, थेंब घालत राहा, असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली, थेंबांची बाटली पदरात गुंडाळली आणि घरी येऊन भाजी निवडायला बसल्या.

मुलाला सांगायची सोय नव्हती. तो बस चालवायचा, मनाने सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्याला सांगितलं की तासाभरात सुनेला फोन गेलाच असता. आणि सुनेला कळलं असतं तर तिने त्याच दिवशी राजीनामा लिहिला असता. ती जमीन मोजणाऱ्या खात्यात होती. यंदा पहिल्यांदाच तिला पथकाची प्रमुख करून डोंगरातल्या तळावर पाठवलं होतं. थंडीत तिथलं काम बंद, थंडी सरली की पुन्हा सुरू, असे अजून दोन मोसम बाकी होते. फोनवर ती कड्यांविषयी आणि खांबांविषयी बोलायला लागली की थांबायची नाही, आणि सासूबाईंना ते ऐकतच राहावंसं वाटायचं. आपल्यापायी हे बंद पडलं तर उरलेलं आयुष्य तोंडाला चव राहणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सासूबाई स्वतः तीस वर्षं छापखान्यात जुळारी होत्या. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, असं ते काम. पेटीतल्या कुठल्या खणात कुठलं अक्षर हे हाताला पाठ असावं लागे. सारखं लागणारं अक्षर हाताशी, क्वचित लागणारं कोपऱ्यात. पेटीकडे बघत बसणाऱ्या जुळाऱ्याचं संध्याकाळपर्यंत एक पानही होत नसे. मग घराची काय मोठी बिशाद? उन्हाळाभर सासूबाईंनी सगळं घर नव्याने लावून काढलं. चहाचा डबा शेगडीच्या उजव्या हाताला, साखर त्याला चिकटून, मिठाच्या बरणीला रबरबँड. सुरी एकटी एका पेल्यात. बोळाच्या निम्म्यावर स्टूल, म्हणजे स्टुलाला हात लागला की मोरीपर्यंत उरली सहा पावलं. बाहेरच्या खोलीतला गालिचा गुंडाळून पलंगाखाली टाकला, कारण त्याची कड पायात यायची.

मुलगा पहाटे जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा, त्याला यातलं काही दिसलं नाही. एकदा मात्र त्याने आईच्या हातात वर्तमानपत्र उलटं पाहिलं.

"आई, पेपर उलटा धरलायस."

"तीस वर्षं उलटी अक्षरं वाचली. आता सुलटं वाचलं की डोकं दुखतं," सासूबाई म्हणाल्या. मुलाला ते पटलं आणि तो हात धुवायला गेला.

तर अशा घरात सून आली. दोन पिशव्या, पाठीवर एक ओझं, अंगात जाड कोट आणि बाहेरच्या वाळलेल्या पानांचा चुरा बुटांना लागलेला.

"आई, आले."

सासूबाईंनी तिच्या खांद्यापलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बारीक झालीस." सात महिन्यांनी भेटणाऱ्याला हे वाक्य बेधडक म्हणावं, कुणी हरकत घेत नाही. सुनेने मागे वळून पाहिलं, आई नक्की कुणाकडे बघतायत म्हणून. मागे कुणी नव्हतं.

आता, सात महिने तंबूत काढलेल्या बाईला घर घरासारखं हवं असतं, त्यात तिची काय चूक? डोंगरात रोज झोपताना ती डोळे मिटून याच खोल्यांतून फिरून यायची. आणि इथे बघते तर बोळात स्टूल, ओट्यावर डब्यांची गर्दी, फरशी उघडीबोडकी. दुसऱ्या दिवशी तिने पदर खोचला. दिवस लहान व्हायला लागले होते, फरशी गार पडायला लागली होती, म्हणून आधी गालिचा अंथरला. मग स्टूल माळ्यावर गेलं, डबे फळीवर उंचीप्रमाणे उभे राहिले, रबरबँड कचऱ्यात गेला.

"राहू दे गं," सासूबाई एकदा म्हणाल्या. दुसऱ्यांदाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या असत्या तर संशय आला असता, म्हणून गप्प बसल्या. त्यांची सगळी पेटी त्यांच्यादेखत उपसली जात होती.

पुढल्या सकाळी त्यांनी नेहमीसारखा चहा केला. मुलाने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आई, हा काही नवीन प्रकार आहे का? खारट लागतोय."

"घशाला चांगला असतो. हवा बदललीये," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड वाकडं न करता त्यांनी स्वतःचा कप संपवला. पण मनातून त्या घाबरल्या. त्या दिवसापासून त्यांनी खुर्ची सोडायचीच नाही असं ठरवलं आणि दुखऱ्या गुडघ्याचं निमित्त पुढे केलं.

सून रोज तेल कोमट करून आणायची आणि गालिच्यावर बसून गुडघा चोळायची. "काल डावा होता ना, आई?" तिने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"दुखणं आहे ते, फिरतं राहतं."

सून हसली नाही. ती तोंड वर करून बोलायची तेव्हा सासूबाई तिच्या खांद्यापलीकडे बघायच्या. बिचाऱ्या तिला डोळे भरून बघायचा प्रयत्न करत होत्या. कपाळावर उन्हाने रापलेला पट्टा, कानामागे गेलेली बट, असं तुकड्यातुकड्याने जमा करत होत्या. पण सुनेला दिसत होतं ते एवढंच, की आई नजरेला नजर देत नाहीत.

नजर गेली तरी सासूबाईंचे कान शाबूत होते. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून सुनेचा दबका आवाज आला. ती नवऱ्याला सांगत होती, "आई माझ्याकडे बघतही नाहीत रे. तीन दिवस झाले, खुर्चीतून हललेल्या नाहीत. मी गेले ते त्यांना लागलंय, बोलत नाहीत एवढंच. मी पुढच्या मोसमाला नाही म्हणून कळवून टाकते."

"कळव," मुलगा म्हणाला. "तुला बरं वाटेल."

सासूबाईंना वाटलं, उठावं आणि दोघांच्या कानाखाली एकेक द्यावी. जे होऊ नये म्हणून एवढा आटापिटा केला, तेच त्या आटापिट्याने घडवून आणलं होतं. त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या. सकाळी त्यांचं ठरलं. सुनेला समोर बसवायचं, तिच्या तोंडाकडे सरळ बघायचं, दिसो न दिसो, आणि साफ सांगून टाकायचं.

दुपारी मुलगा कामावर होता. सून बाहेरच्या खोलीत येऊन समोरच्या खुर्चीत बसली होती, वाळलेले कपडे घड्या करत. बाहेर ढग आले आणि खोलीतला उजेड उतरला. सासूबाईंनी घसा साफ केला. समोरच्या खुर्चीत काळपट आकार होता, त्याच्या बरोब्बर मधोमध त्यांनी नजर रोवली, म्हणजे आपल्या करड्या डागात.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मला तुझा राग आलेला नाही. एक दिवसही आला नाही. तू फोनवर त्या डोंगरांचं सांगायचीस ना, त्यावर माझा अख्खा दिवस जायचा. तू नाही म्हणून कळवलंस तर मात्र मी खरंच रागावेन. मला तू आवडतेस गं. माझ्या पोटच्या पोराहून जास्त आवडतेस, पण हे त्याला सांगू नकोस. तू जा."

खुर्ची काही बोलली नाही. सासूबाई हसून तिच्याकडे बघत राहिल्या.

"आई," आतल्या दारातून आवाज आला, "कुणाशी बोलताय?"

सून कपड्यांची चळत ठेवायला आत गेली होती. गालिच्यावरून गेली, म्हणून पावलं वाजली नव्हती. खुर्चीच्या पाठीवर तिचा जाड कोट होता, तोच आपला मान खाली घालून सगळं ऐकत होता.

सासूबाईंनी सारवासारव करायला तोंड उघडलं, आणि या वेळी तसंच मिटलं. सून जवळ आली. तिने सासूबाईंच्या समोर हात हलवला नाही. खाली बसली आणि सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मी घर लावत बसले."

"छान लावलंस. मला सापडत नाही एवढंच."

सून रडली. पोटभर रडली. सासूबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. त्यांनाही रडू येत होतं, पण एका वेळी एकीने रडावं म्हणून त्या थांबल्या. मग सून उठली, डोळे पुसले आणि गालिचा गुंडाळायला लागली.

स्टूल माळ्यावरून उतरलं. मोजणीदार बाई ती, बोळाची लांबी पावलांनी मोजून तिने ते बरोब्बर निम्म्यावर ठेवलं. "अजून चार बोटं मोरीकडे," सासूबाई म्हणाल्या, आणि चार बोटं सरकलं. डबे फळीवरून ओट्यावर आले. नवा रबरबँड शोधण्यात अर्धा तास गेला. हे सगळं करताना सुनेचं तोंडही चालूच होतं. आज रात्री नवऱ्याला सांगायचं, उद्या डॉक्टरांकडे जायचं, आणि डोंगरात तर आता जायचंच नाही.

"म्हणूनच सांगितलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "पोराला सांग. डॉक्टरांकडेही ने. पण माझ्यासाठी घरी बसलीस तर रोज तुला बघून माझा जीव घुसमटेल. आता नीट दिसत नाहीस, तरी घुसमटेल."

"आणि तिथे बसून मला चैन पडेल? तुम्ही फोनवर सगळं छान म्हणाल आणि मी कसं ओळखायचं?"

"तूही छानच म्हणायचीस."

"पावसात तंबू वाहून गेला होता," सून म्हणाली. "आठ दिवस तापाने पडून होते. तुम्ही काळजी कराल म्हणून बोलले नाही."

सासूबाईंनी हातातलं झाकण खाली ठेवलं. सात महिने दोघी रोज संध्याकाळी बोलल्या होत्या, आणि दोघींनी एकमेकींना चक्क फसवलं होतं. प्रेमाने फसवलं होतं, पण फसवलंच.

"चहा मी करते," त्या म्हणाल्या. "तू त्या खुर्चीत बसायचं. उठायचं नाही, हात लावायचा नाही, 'आई जपून' म्हणायचं नाही. मी एकटी काय करू शकते ते बघ, मग काय ते ठरव."

सून बसली. स्वयंपाकघराचं दार तिच्या समोरच होतं. सासूबाईंनी दोन कप पाणी मोजून ओतलं, शेगडी पेटवली, ज्योतीच्या आवाजावरून बारीक केली. चहा, साखर, मग दूध, हात न अडखळता गेला आणि आला. दूध वर यायला लागलं, तशी खुर्ची करकरली.

"बस," सासूबाई पाठ न वळवता म्हणाल्या.

सून बसली. दूध थोडं उतू गेलं, मग सासूबाईंनी आच बंद केली. एरवी ओतताना त्या कपाच्या कडेला बोट लावायच्या. आज ऐट दाखवायची होती, म्हणून बोट न लावताच ओतला. कपबशी दोन्ही हातांनी धरून त्या दारापर्यंत आल्या, तिथून चार पावलं मोजली आणि सुनेच्या हातात दिली. हाताला ओल लागली होती.

"किती सांडला?" त्यांनी विचारलं.

सून बशीकडे बघत राहिली. सासूबाई वाट बघत उभ्या होत्या. 'थेंबभर' असं उत्तर आलं तर ही पोरगी घरीच राहिली म्हणून समजायचं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. ज्याला सांभाळायचंच ठरवलं, त्याच्याशी माणूस तसंच बोलतं.

"अर्धा बशीत आहे," सून म्हणाली. "थोडा ओट्यावर. आणि दारापासून इथपर्यंत थेंब आहेत."

सासूबाई चाचपडत शेजारच्या खुर्चीत बसल्या. उन्हाळ्यापासून छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं त्यांना वाटलं.

"असंच फोनवर सांगायचं," त्या म्हणाल्या. "मीही सांगेन. पडले तर पडले म्हणून सांगेन. मग जाशील?"

"जाईन," सून म्हणाली, आणि बशीतला चहा बशीनेच प्यायली.