सोमवारचे सात तास

या शहरात तिला सगळे टेलरबाई म्हणत, आणि तिलाही तेच हवं होतं. कोणी नाव विचारलं की ती हसून मापाची टेप गळ्यात अडकवायची आणि विषय बदलायची. चौदा महिन्यांपूर्वी नवऱ्याने तिचा उजवा हात धरून चालू मशीनच्या सुईखाली घातला होता. तिसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेलेला असताना ती एक बॅग घेऊन बाहेर पडली, ती परत गेलीच नाही. ती इथे आहे हे फक्त तिच्या ताईला ठाऊक होतं.

पोट मात्र लपून बसत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत तिने कपडे दुरुस्तीचं काम सुरू केलं. पँटची उंची, झिपा, कोटाचं अस्तर, असली किडूकमिडूक कामं. गिऱ्हाईक मिळावं म्हणून वेबसाइट केली. नवऱ्याचा धंदाच वेबसाइट बनवायचा. त्याच्या शेजारी बसून ती सगळं शिकली होती. सॉफ्टवेअर फुकटचं, कोणीही घ्यावं आणि वापरावं असं. साइटवर तिने नाव दिलं नाही, फोटो दिला नाही, आणि पत्ता तर नाहीच नाही.

गिऱ्हाइकांना वेळ ठरवता यावी म्हणून एक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, लागायचं. त्याचे दोन प्रकार होते. फुकटचं नुसती वेळ नोंदवून घ्यायचं. मग टेलरबाई त्या माणसाला फोन करायची, आवाज ऐकायची, इकडचं तिकडचं विचारायची आणि मन मानलं तरच पत्ता सांगायची. विकतचं फार शहाणं. वेळ नोंदवली रे नोंदवली की ते आपणहून पत्ता, मजला, दाराची खूण सगळं पाठवून मोकळं व्हायचं.

सात-आठ महिने तिने फुकटच्यावर काढले. मग कामं वाढली. पायाखाली मशीन आणि कानाला फोन, अशा कसरतीत एका वकिलाच्या कोटाची बाही उलटी बसली आणि वकिलाने अर्धा तास बाजू मांडली. तेव्हा तिला आठवलं, विकतच्या प्लगइनची ‘की’, म्हणजे ते चालू करायचा लायसन्स नंबर, आपल्या वहीत आहे. पाच साइटना चालेल अशी ती की नवऱ्याने स्वतःच्या अकाउंटवर दोन वर्षांसाठी घेतली होती, पण पैसे तिच्या शिलाईचे होते. त्याच्या तीनच साइट होत्या, दोन जागा रिकाम्या. तिने वही काढली आणि की घातली.

ताईने फोनवर नाक मुरडलं. फुकटच्यावर चाललंय ना, मग त्याच्या घरातली टाचणीसुद्धा नको, असं तिचं म्हणणं. टेलरबाईला राग आला. त्या घरातून तिने ना भांडं आणलं होतं ना दागिना. एवढं तरी आपलं आपण घेतलं तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण काय?  ताईचं नुसतं मन खात होतं, आणि ते काही फोनवर समजावून सांगता येत नाही.

पाच महिने बरे गेले. मग एका बुधवारी साइटवर पिवळी पट्टी आली: लायसन्सची मुदत संपली. पत्ता जायचा बंद झाला. ती पुन्हा फोन करायला लागली, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात बरंच वाटलं. रविवारी सकाळी उठून पाहते तर पट्टी गायब. कंपनीचाच काहीतरी घोळ असेल म्हणून तिने कानाडोळा केला, कारण तिचं सगळं लक्ष दुसरीकडे होतं. सोमवारचा दिवस गच्च भरला होता. सात तास, सात नवी नावं, सगळ्या बायका. एका दिवसात इतकं काम कधी आलं नव्हतं. तिने हौसेने दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावून ठेवली.

सोमवारी सव्वानऊला तळमजल्यावरचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे काका पँटची झिप बदलायला घेऊन आले. बोलता बोलता तिने पट्टीची गंमत सांगितली. की दुसऱ्याच्या अकाउंटवरची, तरी कंपनीने फुकटात मुदत वाढवून दिली, म्हणाली. काकांना कोणाचं अज्ञान बघवत नसे.

"आपोआप काही होत नसतं बाई. ज्याच्या अकाउंटवर घेतलंय, त्यानेच पैसे भरले असणार."

मुदत संपताना त्याला मेल जाते, त्यांनी समजावलं. मग तो अकाउंट उघडतो, आणि की कुठल्या कुठल्या साइटवर चालू आहे याची यादीच समोर येते. "तुमची साइट त्यात दिसत असूनही भरले म्हणजे माणूस चांगला दिसतोय," असं म्हणून ते पँट ठेवून खाली गेले.

 तिने दाराला कडी घातली आणि लॅपटॉप उघडला. लायसन्स रिन्यू झालं होतं रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. सोमवारची पहिली वेळ नोंदवली गेली त्याच सकाळी सहा बावन्नला, सातवी सात वाजून एक मिनिटाने. तिने पहिला नंबर लावला, मग दुसरा, मग तिसरा. एकही नंबर अस्तित्वात नव्हता. नावं सात होती, पण मेल आयडी एकच होता, आणि त्यावर तिचा पत्ता सात वेळा गेला होता.

घड्याळात पावणेदहा झाले होते. ती भीतीने गार पडली होती, तरी डोकं एकाच गोष्टीपाशी अडून बसलं. पत्ता तर त्याला पहिल्याच खेपेला मिळाला होता. मग उरलेल्या सहा वेळा त्याने कशासाठी घेतल्या?

मग तिच्या लक्षात आलं. आज दहापासून पाचपर्यंत तिच्या दारात त्याच्याशिवाय दुसरं कोणीही येणार नव्हतं.