दोन्ही हात वर

गंगापूर रोडवरच्या सभागृहात अब्बासमियाँ तासभर आधीच येऊन बसले होते, तेही पहिल्या रांगेत. शेजारी नात इन्शा. देशाची सुरुवातीची रॉकेटं उडवणारे साहेब आज व्याख्यान देणार होते आणि अब्बासमियाँ कधीकाळी त्यांच्या हाताखाली फिटर होते, मनमाडच्या रेल्वेतून रॉकेटच्या तळावर गेलेले.

तिथून त्यांना परत पाठवलं होतं. एक रॉकेट समुद्रात पडलं आणि ठपका आला फिटरवर. तेव्हापासून म्हातारा घरात एकच पालुपद लावून होता: नळीचा जोड गळताना दिसला, तसे मी दोन्ही हात डोक्यावर नेले. रेल्वेत याचा अर्थ एकच, थांबवा. साहेबांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि तरी उडवलं. घरचे कंटाळून नुसतं हो म्हणायचे. आज साहेबांच्याच तोंडून ते निघावं आणि इन्शानं ऐकावं, एवढीच त्यांची आस होती.

साहेब नव्वदीचे, पण आवाज खणखणीत. भाषण निम्मं झाल्यावर त्यांनी तोच किस्सा काढला. अब्बासमियाँनी इन्शाचा हात दाबला.

"आमचा एक फिटर होता, मनमाडचा," साहेब म्हणाले. "उडायच्या आधीच गडी दोन्ही हात वर करून नाचायला लागला! म्हटलं, सगळं ठीक दिसतंय, उडवा. आणि रॉकेट गेलं थेट समुद्रात!"

सभागृह खदखदून हसलं. साहेबांचं तरी काय चुकलं म्हणा, रेल्वे गार्डाचे इशारे त्यांना कोण शिकवणार होतं? अब्बासमियाँनी मात्र इन्शाचा हात सोडला. साहेबांनी ऐकलं नाही, हा राग त्यांनी जन्मभर पोसला होता. साहेबांना ते कळलंच नव्हतं, आणि हे त्याहून वाईट होतं.

प्रश्नांच्या वेळी ते माइक घेऊन उठले, पण "साहेब, मी..." याच्यापुढे गाडी सरकेना. लोक चुळबुळू लागले, तसा संयोजकांनी माइक काढून मागच्या रांगेत दिला. तेव्हा अब्बासमियाँनी दोन्ही हात डोक्यावर नेले, ताठ.

साहेबांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग खुशीत हसून त्यांनीही दोन्ही हात वर केले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मला कळलं, नाना," इन्शा रडत त्यांची बाही ओढत होती. "बसा आता."

टाळ्या संपल्या तरी त्यांचे हात वरच होते.