मध्येच थांबणारा कार्यक्रम

वेतवाल्यांच्या दुकानात खुर्च्या कमी आणि वादच जास्त विणले जात. वेतवाले जुन्या खुर्च्यांच्या बैठका वेताने नव्याने विणून देत आणि त्यांची बायको शेजारी स्टुलावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवी. ओला वेत हातात असला की दुसरं काही धरता येत नाही, म्हणून ही सोय. वाचता वाचता वेतवाले मध्येच तोंड घालत, ती थांबे, दोघांची जुंपे आणि मग पुढचं वाक्य. एका अग्रलेखाला अख्खी दुपार लागे. गिऱ्हाइकं तिला बातमीदारीण म्हणत आणि तिलाही ते मनातून आवडे.

मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तिने पाटी-पेन्सिल जवळ केली, पण मान खाली घालून विणणाऱ्या माणसाने पाटी वाचायची कधी? हळूहळू वेतवालेही गप्प झाले. आवाज गेल्याचं दुःख तिला होतंच, पण या बोलघेवड्या माणसाचं मुकं होणं तिला जास्त लागलं. असंच चाललं तर आपण दोघं एका खोलीतली दोन कपाटं होऊन बसू, अशी तिला भीती वाटे.

लेकीने तोडगा काढला. "आई, बाबांना पॉडकास्ट लावून दे. पण वाट्टेल ते नको हं. दोन मित्र माईक घेऊन बसतात आणि तासभर खिदळतात, तसलं नको. सार्वजनिक रेडिओवाल्यांचे बघ. अभ्यास करून बोलतात, आणि मध्ये मध्ये गाद्यांच्या जाहिराती नसतात."

बातमीदारीण कामाला लागली. लेकीसाठी स्थळं पाहतानाही तिने इतकी चिकित्सा केली नव्हती. सकाळी भाजी निवडताना एकेक भाग ती आधी स्वतः ऐकायची. नाव मोठं आणि आत नुसता भुसा, असे कितीतरी निघाले. त्यातून पसंत पडेल तो दुपारी दुकानात लावायचा आणि फोन फळीवर ठेवून घरकामाला लागायचं.

वेतवाल्यांना एकही पटेना. नदीवर पूल कसे बांधतात, त्याचा कार्यक्रम ऐकून ते म्हणाले, "हा गडी फार घाईत आहे." कबुतरांना घराची वाट कशी सापडते, ते सांगणाऱ्या भागात त्यांना संगीत खुपलं. "कबुतरं काय नाचतायत की काय?" एवढं बोलून पुन्हा गप्प.

शेवटी तिला मिठावरचा एक भाग सापडला. तो ऐकण्याच्या नादात चुलीवरची भाजी करपली, म्हणजे बघा! आता नाही कसं म्हणतात ते बघतेच, असं मनाशी म्हणत तिने तो लावला आणि संपल्यावर पाटी पुढे केली. 'कसा वाटला?'

"चांगला आहे. बाई हुशार आहे," वेतवाले वेत ओढत म्हणाले.

त्या थंड सुराने तिचं डोकंच फिरलं. तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मग तुम्हाला हवंय तरी काय?' आणि पाटी थेट त्यांच्या नाकासमोर धरली.

"मला कुठे काय हवंय? अगं, मघाशी मी तोंड उघडलं, तोवर ती पुढे निघून गेली. भांडायचं कुणाशी?"

बातमीदारीण पाटी घेऊन तशीच उभी राहिली. आवाज, विषय, अभ्यास, सगळं तिने पारखून घेतलं होतं. हा माणूस नुसता ऐकायला कधी बसलाच नव्हता, एवढी एक गोष्ट मात्र ती विसरली होती. तिला स्वतःचंच हसू आलं आणि थोडं रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी तिने आपलं स्टूल पुन्हा त्यांच्याशेजारी ओढलं. फोन मांडीवर घेतला, तोच मिठाचा भाग लावला आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसली. बोलायचं मनात आलं की त्यांची डावी भुवई वर जाते, हे तिला लग्नापासून ठाऊक. भुवई हलली, तसं तिने बोट दाबलं. निवेदिकेचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"बंद पडलं का?"

तिने नकारार्थी मान हलवली आणि हातानेच खूण केली, बोला.

"नाही, म्हणजे..." ते चाचरले. "मिठासाठी राजे लढले म्हणते ही. राजे कसले लढतात? लढली ती बिचारी शिपाईमंडळी. राजांनी जेवणात मीठ कमी पडलं म्हणून आरडाओरडा केला असेल." आणि गाडी जी सुटली, ती मिठावरून शेजाऱ्यांच्या आळणी आमटीपर्यंत गेली. दम लागला तेव्हा म्हणाले, "हं, लाव पुढे."

अर्ध्या तासाचा भाग दिवस कलला तरी संपेना. मग एका ठिकाणी, भुवई जागची हललेली नसताना, कार्यक्रम थांबला. वेतवाल्यांनी वर पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. पूर्वी वाचताना स्वतःला काही खटकलं की ती असेच ओठ मिटायची.

"तुला नाही पटलं?"

तिने जोरात नकारार्थी मान हलवली.

"मला तर पटलं बुवा!"

तिने भराभर पाटीवर लिहिलं. वेतवाल्यांनी हातातला वेत खाली टाकला, ओले हात सदऱ्याला पुसले आणि पाटी घेऊन शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली.

"छे, छे! साफ चूक!" ते ओरडले. त्यांनी पेन्सिल तिच्या हातात कोंबली. "बस इथेच. आणि नीट कारण लिही."