किल्ल्यातला एसटी स्टँड

संयोगिता सात वर्षांची, दुसरीत. जूनपासून वर्गात हजेरीला तिने एकदाही 'हजर' म्हटलं नव्हतं. बाई नाव घेत, तिच्या बाकाकडे बघत आणि स्वतःच खूण करत. घरी ती फोनमधल्या बाहुलीशी तासतासभर गप्पा मारायची. दारात माणूस आला की आतल्या खोलीत जायची. सप्टेंबरात तिची आई, क्रांती, तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आईला दोन गोष्टी सांगितल्या. फोन बंद करा. आणि हाताने काहीतरी करू द्या. त्यासाठी जे लागेल ते तिलाच लोकांकडे मागू द्या. मोडलं, कोसळलं तरी तुम्ही हात घालायचा नाही.

पहिले आठ दिवस रडण्यात गेले. नववा दिवस गप्प गेला. दसरा झाल्यावर पाचगाव रोडच्या त्यांच्या कॉलनीत पोरांनी दिवाळीच्या किल्ल्यांची जमवाजमव सुरू केली, तेव्हा संयोगिता फाटकाच्या गजातून बघत उभी राहिली. क्रांतीने विचारलं, करायचा का आपण? तिने मान हलवली.

माती शेजारच्या प्लॉटवर होती. तिथे बंगल्याचं काम चाललं होतं आणि ख्वाजा गवंडी मिस्त्री होता. क्रांती फाटकात थांबली आणि पोरीला एकटी पाठवली. पहिल्या दिवशी ती अर्ध्या वाटेवरून परत आली. दुसऱ्या दिवशी वाळूच्या ढिगापर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी ख्वाजासमोर जाऊन काहीतरी पुटपुटली.

"मिक्सर चालू हाय, पोरी. काय पायजे?"

"माती."

"कुणाला?"

"मला. किल्ल्याला."

ख्वाजाने दोन घमेली लाल माती स्वतः आणून टाकली. जाताना म्हणाला, "कमी पडली तर ये परत. पण असंच मोठ्यानं मागायचं. तोंडातल्या तोंडात मागितलीस तर माती न्हाय मिळायची."

ती रोज जाऊ लागली. विटांचे तुकडे आणले, गोणपाट आणलं. किल्ला डावीकडे कलला होता. तट एका जागी वीतभर आणि दुसऱ्या जागी बोटभर उंच होता. दरवाजाच्या आत तिने काडेपेट्यांच्या दोन बसगाड्या उभ्या केल्या आणि पुठ्ठ्यावर पाटी लिहिली, गडहिंग्लज. आजी तिथे राहते.

समोरच्या घरातला पृथ्वीराज पाचवीत होता. तो बघायला आला आणि हसला. किल्ल्यात एसटी स्टँड असतोय व्हय, म्हणाला.

"मग मावळ्यांनी काय चालत जायचं?" संयोगिता म्हणाली.

क्रांती स्वयंपाकघरात पोळी लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं. बाहेरच्या कुणाला आपल्या मुलीने उलट उत्तर दिलेलं ती पहिल्यांदा ऐकत होती. पृथ्वीराज किल्ल्याजवळ उकिडवा बसला. मग त्याने विचारलं, तिकीट केवढ्याला? दोघं संध्याकाळपर्यंत खेळली.

संयोगिताचे वडील, सम्राट, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासणीला आहेत. ओतीव भाग मापात बसला नाही की बाजूला काढायचा, हे बारा वर्षांचं काम. आठवडाभर त्यांची दुसरी पाळी होती. किल्ला त्यांनी नीट पाहिला तो रविवारी. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता कॉलनीच्या मंडळाचे परीक्षक किल्ले बघायला येणार होते. क्रांती सकाळीच आईला, विठाबाईंना, दिवाळीसाठी आणायला गडहिंग्लजला गेली होती. दुपारी परतीच्या गाडीतून तिने फोन केला. काळजी करू नको, मी बघतोय, सम्राट म्हणाले. पोरीकडे बघताहेत, असं तिला वाटलं.

साडेचारला ती आईला घेऊन फाटकात आली. अंगणात पन्हाळा उभा होता. तट सरळ होता, सगळीकडे एका उंचीचा. तीन दरवाजा, अंबारखाना, अंधारबाव, प्रत्येकाला छापील पाटी. सम्राट कोपरापर्यंत मातीने भरले होते. सकाळपासून जेवलेही नव्हते. संयोगिता आत पलंगावर होती. हातात फोन.

"मधे मधे येत हुती," सम्राट म्हणाले. "हात लावला की ढासळायचं. म्हणून दिला जरा वेळ."

क्रांतीने एसटी स्टँडचं विचारलं.

"काढला. परीक्षक हसले असते. पोरीला चारचौघात कोण हसू नये म्हणून तर दिवसभर राबलोय मी."

त्यात खोटं काही नव्हतं.

परीक्षक तिघं होते. त्यांतल्या निवृत्त गुरुजींनी किल्ल्याभोवती फेरी मारली, तटाचं कौतुक केलं आणि संयोगिताला पुढे बोलावलं. अंधारबाव कशाला म्हणतात, त्यांनी विचारलं. तिने फ्रॉकचं टोक धरलं. मागून सम्राटांनी उत्तर दिलं, बरोबर दिलं. गुरुजी म्हणाले, तुम्ही नको, पोरीला सांगू द्या. त्यांनी सोपा प्रश्न विचारला. दरवाजा कुठला? मग त्याहून सोपा. तुझं नाव काय, बाळ? बरीच पोरं जमली होती. पृथ्वीराजने तिचं नाव सांगून टाकलं आणि तो हसला. ती आत गेली.

दुसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र सम्राटांनी घेतलं.

क्रांतीने आरडाओरडा केला नाही. तिने एवढंच विचारलं, "मोडायच्या आधी तिला विचारलं हुतं?"

"त्यात काय विचारायचं?" सम्राटांना प्रश्नच कळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी प्लॉटवर जाईना, म्हणून क्रांतीने स्वतः दोन घमेली माती आणली आणि पन्हाळ्याच्या शेजारी ओतली. संयोगिताला हाताला धरून आणलं. चल, तुझा तो पहिला किल्ला परत करू. ती उभीच राहिली.

"पप्पांना सांग की," ती म्हणाली. "त्यांना येतंय."

"तुला येत हुतं की गं."

"न्हाय. माझं चुकलेलं."

हात सोडवून घेऊन ती आत गेली. बाहेरच्या सोप्यात सम्राट आणि विठाबाई फराळाला बसले होते. त्यांना तिचं बोलणं ऐकू आलं होतं.

"बघा," सम्राट सासूबाईंना म्हणाले, "कळतंय पोरीला." त्यांना बरं वाटलं होतं.