बाबांचं औषध

आमच्या घरात दारूला औषध म्हणायचे. गुजरातेत दारूबंदी असली तरी तब्येतीच्या कारणाने परवाना मिळतो, आणि माझे सासरे प्रतापराव यांच्याकडे तो अकरा वर्षं होता. डॉक्टरचा दाखला, फोटो, शिक्का, सगळं रीतसर. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून गेली, त्यामुळे एखादी गोष्ट रीतसर आहे म्हटलं की पुढे बोलणंच खुंटायचं. रोज संध्याकाळी साडेसातला ते कपाट उघडायचे, खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं त्या प्लास्टिकच्या मापाने मोजून घ्यायचे आणि बातम्या लावायचे. मी लग्न होऊन नाशिकहून बडोद्याला आले तेव्हा पहिला महिनाभर मला ते खरंच औषध वाटलं होतं. मग एकदा पेला विसळताना वास आला. त्यानंतरही मी औषधच म्हणत राहिले. नव्या सुनेने आणखी काय म्हणायचं?

त्यांचा मुलगा उन्मेष, म्हणजे माझा नवरा, मकरपुऱ्यात व्हॉल्व्हच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याची सुरुवात याच कपाटातून झाली. एक माप काढायचं, तेवढंच पाणी घालून ठेवायचं. बाबांना वर्षभर पत्ता लागला नाही. उलट हल्ली मालात दम राहिला नाही, अशी त्यांची कुरकुर असायची. पुढे उन्मेष बाहेर मिळणाऱ्या पोटल्यांवर गेला, प्लास्टिकच्या पिशवीतली ती देशी. कारखान्यातले दोघं त्याला बाइकवर मध्ये बसवून घडियाळी पोळीच्या, म्हणजे आमच्या गल्लीच्या, तोंडाशी आणून सोडायचे आणि मी जाऊन घेऊन यायची. दुसऱ्यांदा कामावरून निलंबित झाला तेव्हा मी कुणालाही न विचारता त्याला पादरा रोडवरच्या केंद्रात दाखल केलं. बाबांनी पोळीत सांगितलं, कंपनीने ट्रेनिंगला पुण्याला पाठवलाय. मीही विचारणाऱ्याला तेच सांगू लागले.

तीन महिन्यांचा मुक्काम. पहिले दोन आठवडे भेटू देत नाहीत. भेटला तेव्हा त्याच्या हातातला चहा बशीत जास्त आणि कपात कमी होता. दीड महिन्याने बघते तर हा पठ्ठ्या चाळीस माणसांसाठी दुधी चिरत बसलेला. मी म्हटलं, घरी कधी कोथिंबीर निवडली नाहीस ती. तो हसला. कितीतरी दिवसांनी तो शुद्धीत हसताना पाहिला आणि मला त्याचा रागच आला, की हे इतकी वर्षं कुठे होतं.

घरी सोडायच्या आधी घरच्या माणसांची बैठक असते. बाबा तिथे पहिल्यांदाच आले, इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत फाइल घेऊन. नीरजाबेन म्हणून तिथल्या समुपदेशक आहेत, त्यांनी विचारलं, घरात पहिल्यांदा काय लक्षात आलं? मी माझ्या मोडक्या गुजरातीत सांगितलं की हा बाबांच्या दवेतून घ्यायचा. त्यांनी विचारलं, कोणती दवा? मी पुन्हा म्हटलं, दवा, बाबांची. शेजारी पादरा गावची एक बाई नवऱ्यासाठी आली होती. ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "बेन, एने दारू के'वाय." सगळे हसले, उन्मेषसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नीरजाबेन म्हणाल्या, घरात एक थेंबही असता कामा नये. बाबांनी फाइलमधून परवाना काढून टेबलावर ठेवला. हा माझ्या प्रकृतीसाठी आहे, कायद्याने आहे, पेशंट तो आहे, मी नाही, असं त्यांनी मुद्देसूद सांगितलं. नीरजाबेननी वाद घातला नाही. बोलला तो उन्मेष.

"बाबा, मी घरी येत नाही. मकरपुऱ्यात खोली बघतो. रागाने नाही सांगत. ते कपाट मला किल्लीशिवाय उघडता येतं."

बाबांनी विचारलं, मग कांचनचं काय. मी म्हटलं, मीही जाते. तोंडातून निघेपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं.

पुढचे तीन दिवस बाबा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. साडेसातला कपाट उघडत होतं, बातम्या लागत होत्या. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. खरं सांगते, त्या तीन दिवसांत मला त्या माणसाचा तिरस्कार वाटला. मी माळ्यावरून बॅगा काढून पलंगावर उघड्या टाकल्या, त्यांना दिसाव्यात अशा.

चौथ्या दिवशी सकाळी मोरीतून भपकारा आला. वाटलं, आता सकाळीच सुरू केलं की काय. पाहते तर दोन्ही बाटल्या पालथ्या, आणि बाबा खाली बसून मोरीत पाणी ओततायत. वर न बघता म्हणाले, तुझ्या शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाक, मला स्कूटरवर परवान्याच्या कचेरीत सोड.

कचेरीतल्या मुलीने परवाना परत करायचा अर्ज वाचला आणि समजुतीने सांगितलं की काका, परत कशाला करता, मार्चमध्ये मुदत संपते, नवा करू नका म्हणजे झालं. बाबांना ते पटेना. नोंद करा, पोच द्या. ती कारण लिहायला लागली आणि तिनेच सुचवलं, तबियत सुधरी गई? आमच्या मागे हिंमतराव उभे होते, बाबांच्या सकाळच्या फिरण्यातले. ते स्वतःचा परवाना वाढवायला आलेले. त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली, ठणठणीत झालात म्हणायचं प्रतापराव. बाबांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. हलवावी असं मलाही वाटलं, आता खोटं कशाला बोलू.

बाबा त्या मुलीला म्हणाले, "ना बेन. मारी तबियत तो एवी ने एवी छे. मारा दीकराने दारूनी लत छे."

मग हिंमतरावांकडे वळून मराठीत म्हणाले, "उन्मेष पुण्याला नाही. पादरा रोडवर आहे, दारू सोडवायच्या केंद्रात. रविवारी घरी येतोय."

हिंमतराव स्वतःची फाइल चाळू लागले. मुलीने बाबा म्हणाले तसंच, तब्येत होती तशीच, मुलाला दारूचं व्यसन, असं लिहून घेतलं, पोचेवर शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. बाबा खिडकीपासून हलले नाहीत. त्यांनी अर्जाची दुसरी प्रत आत सरकवली. एक पोच पुरे काका, ती म्हणाली.

"एक माझ्या फाइलला," बाबा एकदम मराठीतच बोलले. "ही मुलाला द्यायची आहे."

तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने दुसरा शिक्का मारला. मी मात्र तिथेच, सगळ्या रांगेसमोर, रडायला लागले.