परत मागितलेली शाल

"चढा दादाजीभाऊ, चढा! तुमच्याबिगर सभेले रंग नाई," म्हणत बापूजींनी दादाजी कोष्ट्याला दंडाला धरून टेबलावर चढवलं.

आरमोरीच्या बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. लडाखात चीनने आपले शिपाई मारले होते आणि ती बातमी पेपरातून गावात पोचल्यापासून सगळ्यांचं रक्त खवळलं होतं. कालपरवापर्यंत शाळेची पोरं 'हिंदी-चिनी भाई-भाई' म्हणत फेरी काढायची, तीच पोरं आता मुठी आवळून उभी होती. लालसू हॉटेलवाल्याने तर चिनी मातीच्या कपबश्या भर चौकात आपटून फोडल्या. कान तुटलेल्याच तेवढ्या निवडून आणल्या होत्या म्हणा, पण टाळ्या पडायच्या त्या पडल्या.

दादाजीला टेबलावर चढवायलाही कारण होतं. पाच वर्षांपूर्वी, चीन आपला भाऊ होता तेव्हा, याच्या मागावरची कोशाच्या रेशमाची शाल चिनी पाहुण्यांना भेट म्हणून गेली होती. तेव्हापासून गावाने त्याचं नाव 'चिनी दादाजी' ठेवलं. ते नाव इतकी वर्षं मानाचं होतं. आता त्याच नावाने हाका मारत पोरं त्याच्या दारावर खडे फेकू लागली होती. बापूजी तसे किराणा दुकानदार, पण गावचे पुढारीही तेच. त्यांनी यातून वाट काढली. दादाजीने भर सभेत उभं राहून शाल परत मागायची. 'दुश्मनाच्या खांद्यावर आरमोरीचा कोसा नको' असा ठरावही त्यांनी लिहून तयार ठेवला होता.

आता दादाजीला कुठलं भाषण येणार? दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणारा माणूस. बोललाच तर हातातल्या धोट्याशी बोलायचा. तो नुसता गर्दीकडे बघत उभा राहिला. खालून बापूजींनी त्याचं धोतर ओढलं.

"माही शाल द्या जी वापस," तो म्हणाला. कुणालाच ऐकू गेलं नाही. मग त्याने डोळे मिटले आणि त्याचा आवाज एकदम फुटला. "माही शाल वापस द्या! म्या देल्ली, पन मले द्याची नवती. मले पायजे ते. हात जोडतो, वापस द्या!"

बाजारात असा जयजयकार उठला की विचारू नका. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बापूजींच्या उभ्या पुढारीपणात असं भाषण कधी झालं नव्हतं. लोकांना वाटलं, दादाजी देशासाठी मागतो आहे. दादाजी मागत होता तो मनकर्णासाठी.

मनकर्णा त्याची बायको. कोसा उकळायचा, त्याच्या तारा ओढायच्या आणि उघड्या मांडीवर तळव्याने वळून सूत करायचं, हे तिचं जन्मभराचं काम. वळून वळून तिच्या मांडीवर एक गुळगुळीत घट्टा पडला होता. दादाजी चिडवायचा, "आरसा लावला का वं मांडीले?" ती लटक्या रागाने लुगडं खाली ओढायची. शेवटच्या दुखण्यातही ती भिंतीला टेकून सूत वळत राहिली. ती गेली तेव्हा टोपलीत तिच्या हातचं सूत तसंच उरलं होतं.

गेलेल्या बाईच्या हातचं सूत विकायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. दादाजीने त्या सुताची शाल विणली. रंग दिला नाही, कोशाचा मधासारखा रंग तसाच राहू दिला. शाल मागावरून उतरली, त्याच आठवड्यात नागपूरहून एक साहेब जीपमधून आला. चिनी पाहुण्यांसाठी त्याला नजराणा हवा होता. त्याने नेमका त्या शालीवर हात ठेवला. विकायची नाही म्हटल्यावर हसून म्हणाला, "विकत कोण मागतंय? भावाला भेट द्यायची आहे." सगळा गाव अंगणात उभा होता. नाही म्हणायची दादाजीची छाती झाली नाही. त्यानंतर मात्र मनातल्या मनात तो रोज नाही म्हणत आला. ती शाल त्याने एकदाही अंगावर घेतली नव्हती.

आणि आता सगळा गाव म्हणत होता, शाल परत मागा! ठरावाखाली अंगठा उठवताना दादाजीला वाटलं, देव असतो.

दर बाजाराच्या दिवशी तो नागपूरच्या मोटारीला जाऊन उभा राहू लागला. सून वच्छला चुलीपुढून सांगायची, "मामाजी, चा मांडला हाये, पिऊन तं जा." तो म्हणायचा, "आल्यावर पितो. मोटार निंगून जाईन." झाडू नावाचा पोस्टमन दिसला की त्याला गाठायचा, "चीनचं काई आलं का रे बाबू?" झाडू आधी खो-खो हसला. पुढे पुढे त्याचं हसू आटलं आणि म्हाताऱ्याला चुकवण्यासाठी तो मागच्या गल्लीने जाऊ लागला.

धान निघालं, खळी झाली. लालसूच्या हॉटेलात नव्या कपबश्या आल्या, त्याही चिनी मातीच्याच. पोरं खडे मारायचं विसरली. गाव सगळंच विसरलं. दादाजीने जरा आणखी वाट पाहिली आणि एका सकाळी बापूजींच्या दुकानाची पायरी चढला.

बापूजी गूळ तोलत होते.

"बापूजी, चीनचं काई उत्तर?"

"कायचं उत्तर जी?"

"आपल्या ठरावाचं. शालीचं."

बापूजी हसले. मग दादाजीच्या तोंडाकडे बघितल्यावर त्यांनी तराजू खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता.

"दादाजीभाऊ, तो ठराव धाडलाच नाई."

"पत्ता नवता का?"

"पत्त्याचं नाई जी. असे ठराव धाडाचे नसतेत. सभेत कराचे असतेत. गावाची इज्जत राह्यली, तुमचंबी नाव धुतल्या गेलं. झालं ना काम!"

दादाजी पोत्यावर बसला. "मले वाटलं, तुमी खरंच मांगून राह्यले."

दुकानात आलेली गिऱ्हाइकं आपसूक बाहेर सरकली. बापूजींनी गुळाचे हात पुसले. त्यांनी गल्ल्याखालून कागद काढला, दौत पुढे ओढली. "सांगा, आत्ता लिवतो. तुमच्यासमोर. सरळ दिल्लीले धाडतो, मंग तं झालं? माह्या वळखीचे हायेत तिथी. दहा खेपा लिवाव लागलं तरी लिवीन."

ते खरंच लिहायला बसले होते. दादाजी टाकाकडे बघत राहिला. मागून मिळेलही कदाचित. आज नाही तर वर्षाने. ती शाल त्याला अजूनही तितकीच हवी होती.

"बापूजी, तिकडं थंडी असते का जी?"

"चीनमंदी? लय. बरफ पडते म्हनतेत."

"मंग ज्याले भेटली तो पांघरत असन."

"असन ना. अशी शाल कोन ठेवून देईन?"

मनकर्णाचा स्वभाव त्याला ठाऊक होता. रात्री-बेरात्री आलेल्या पाहुण्याला ती स्वतःचं पांघरूण द्यायची आणि आपण चुलीपाशी कुडकुडत पडायची. दिलेलं पांघरूण कुणाच्या अंगावरून ओढून आणलेलं तिला खपलं नसतं. मग तो भाऊ असो नाहीतर दुश्मन.

"राहू द्या. नोका लिवू," तो म्हणाला आणि उठला.

"दादाजीभाऊ, आयका तं..."

"नाई जी. राहू द्या."

घरी वच्छला दारातच उभी होती. सासऱ्याचा चेहरा बघून तिने भीत भीतच विचारलं, "मामाजी, आली का शाल?"

"नाई वं," दादाजी म्हणाला. "देऊन टाकली."

तो आत गेला आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. वच्छला चहा घेऊन आली तेव्हा तो ताण्याच्या सुतावर हात ठेवून नुसताच बसला होता. दिवस मावळेपर्यंत माग वाजला नाही.