मुकं जेवण

“पानावर बसलीस की मुकी हो, वसुमती. शब्द निघाला तर घास तिथेच ठेवायचा आणि उठायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही.”

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती, पण चातुर्मासात डबा उघडला की हा आवाज वसुमतीच्या कानाशी यायचाच. प्रल्हादरावांच्या आयुष्यासाठी त्यांनी तिला हा नेम दिला होता. प्रल्हादराव रेल्वेत सिग्नलवर होते. यंदा चैत्रात ते गेले. तरी आषाढी एकादशीला वसुमतीने पुन्हा नेम धरला. का, ते तिला सांगता आलं नसतं.

“मावशी, आता कोणासाठी हो?” काउंटरवरची रश्मी एकदा बोलून गेली आणि तिने जीभ चावली. वसुमतीला त्याचंही काही वाटलं नाही. दात काढताना सुई दिली की गाल आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं.

डहाणू रोडच्या त्या लहानशा दवाखान्यात ती इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत मदतनीस होती. दर बुधवारी वलसाडहून डॉक्टर नविनभाई यायचे. बायकांना आत नेणं, कुशीवर वळवणं, छातीवरची जेली पुसून देणं, हे तिचं काम.

श्रावणातल्या त्या बुधवारी जमना नऊलाच येऊन बाकावर बसली होती. तलासरीपलीकडच्या पाड्यावरची, सातवा महिना, चार पावलं चालली की धाप. तिकडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलेली. नवरा बोटीवर गेलेला, म्हणून एकटीच.

“काही खाल्लंस का गं?”

“नाय. फोटोला उपाशी यायचा ना?”

“ते पोटाच्या तपासणीला. हृदयाच्या तपासणीला खाल्लेलं चालतं. जा, चहा-बिस्कीट घेऊन ये.”

जमना उठेना. “बाय, करंट देतात का ओ? आमचे दिराला, हाल्याला, छातीला चिमटे लावले. दुसरे दिशी मेला.”

“तो आजाराने गेला, चिमट्यांनी नाही. इथे करंट नाही, सुई नाही.” शेकडो बायकांना सांगितलेलं वसुमती सांगत गेली, पाठ झालेल्या आरतीसारखं. खोलीत अंधार असेल, तो पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून. छातीला तीन चिकटपट्ट्या लावतील. डाव्या कुशीवर वळायचं, डावा हात डोक्याखाली. गारेगार जेली लावतील, साबणाच्या वडीएवढं यंत्र फासळ्यांवरून फिरवतील, जरा दाबल्यासारखं वाटेल. कधी म्हणतील, श्वास सोडून थांब. “मध्येच फसफस असा मोठा आवाज येईल. दचकू नकोस. तुझंच रक्त वाहतंय, त्याचा आवाज. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बाळाला काही होत नाही.”

“आत कोन असल?”

“डॉक्टर. आणि मी. चादर मी धरते.”

“हात धरशील?”

“धरीन.”

“देवाची आन?”

“धरीन म्हटलं ना.”

मग जमना चहाला गेली.

मध्ये दोन तास वीज नव्हती. नंबर पुढे ढकलत एक वाजला. डॉक्टर पाय मोकळे करायला बाहेर पडले आणि वसुमती सामानाच्या खोलीत डबा उघडून बसली. तिसरा घास तोंडात होता तेव्हा दारात जमना उभी. डॉक्टर लवकरच परतले होते.

“बाय, माझा नाव घेतला. चल ना.”

उजवा हात खरकटा, म्हणून वसुमतीने डावा वर केला. पंजा उघडा. थांब, असं.

“येत नाय?”

पंजा तसाच राहिला. जमना त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग पदर सावरून वळली.

वसुमतीने उरलेली पोळी संपवली. घाई केली नाही. घाई व्हावी इतकं आत काही हललंच नाही. डबा धुऊन, पुसून ती बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता.

“ती?” रश्मी म्हणाली. “गेली की. मी म्हटलं, अगं, नंबर लागलाय तुझा. तर म्हणते, बायने नको सांगितला.”

नविनभाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. “वसुबेन, हिला सोडायला नको होतं. झडप आखडली असणार. बाळंतपणात असं हृदय दगा देतं. आधी कळलं तर मोठ्या दवाखान्यात सोय होते, दोघं वाचतात.”

केसपेपरवरचा फोन नंबर नवऱ्याचा होता, तो समुद्रात. रश्मीने तलासरीच्या नर्सबाईंकडे निरोप ठेवला, पुढच्या बुधवारी ये म्हणून.

संध्याकाळी वसुमतीने देवापुढे निरांजन लावलं. नेम मोडला नव्हता. इतक्या वर्षांत एक अक्षरही निघालं नव्हतं. तरी हात जोडताना तिला आपला पंजाच दिसत राहिला. प्रल्हादरावही तपासणीसाठी इकोच्या खोलीतल्या त्याच गादीवर निजले होते. रात्र-रात्र रुळांवर काढलेला माणूस, पण त्या अंधारात त्यांनी तिचा हात चाचपला होता, आणि तिने तो दिला होता.

पुढचा बुधवार आला, जमना आली नाही.

“निरोप पोचलाय मावशी,” रश्मी म्हणाली. “नर्सबाई सांगत होत्या, पायांना सूज आहे म्हणे. पण नाही म्हणते. दवाखान्यातल्या बायनेच परत पाठवली, आता कशाला?”

एक वाजला. वसुमतीने डबा उघडला, पाण्याचा हात फिरवला, पहिला घास घेतला. भेंडीला चव नव्हती. चैत्रापासून कशालाच नव्हती. ती चावत राहिली आणि रिकाम्या दाराकडे बघत राहिली. घास गिळला.

“रश्मी!”

रश्मी धावत आली. त्या वेळेला, त्या खोलीतून तिने तो आवाज कधी ऐकला नव्हता. “मावशी, बोललात?”

“डॉक्टरांना सांग, आज पाचची गाडी सोडून द्या, सातच्या गाडीने जा. मी तिला घेऊन येते.”

“अहो, जेवण तरी—”

“शब्द निघाला. आता उठायचं असतं.”

तिने डबा झाकला. हात धुतला. जमनाचा केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून छत्री घेतली.

नाक्यावर तलासरीची जीप भरून सुटत होती. मागच्या फळीवर एका माणसापुरती जागा दिसत होती. वसुमतीने ओला हात पदराला पुसला आणि वर केला. पंजा उघडा.

थांब, असं.

जीप थांबली.